पासष्ट इंची पंच

"असला टमाटा आपल्याकडं कधी पिकलाय का ओ?"

बाईंनी हे नवऱ्याच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं होतं. पण दुकानात त्या वेळी एसीच्या घरघरीशिवाय दुसरा आवाज नव्हता आणि मी हातात रिमोट धरून तीन पावलांवर उभी होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"टीव्हीत पिकलाय त्यो," नवरा म्हणाला. "टीव्हीत काय बी पिकतंय."

समोरच्या भिंतीवर एकोणीस टीव्ही होते आणि एकोणीसही टीव्हींत एकच टोमॅटो पाण्यात पडत होता. हळूहळू पडायचा, थेंब उडायचे, टोमॅटो स्वतःभोवती गिरकी घ्यायचा, की पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकांना दाखवायची ही फिल्म कंपनीकडून येते. सकाळी शटर वर गेल्यापासून ते खाली येईपर्यंत मी तो टोमॅटो बघायचे. बाई पुढे झाल्या, पासष्ट इंची टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या आणि त्यांनी नखानं टोमॅटो खरवडून बघितला.

"पावडर मारल्याली दिसतीय," त्या म्हणाल्या.

हे दोघं आळ्याजवळ टोमॅटो करायचे. हंगामात दिवसाआड कॅरेट भरून नारायणगावच्या बाजारात जाणारी माणसं. कुठला टोमॅटो लांबच्या गाडीत चढवायचा आणि कुठला आजच संपवायचा हे ती लांबून, नुसत्या रंगावरून सांगतात. लाल रंगातलं त्यांच्याइतकं आमच्या दुकानात कुणालाही कळत नव्हतं. आणि बाईंचं म्हणणं बरोबर होतं. टोमॅटोला पावडर मारलेली होती. ती आम्हीच मारली होती, रिमोटनं.

मला हे माहीत होतं. मी गप्प उभी राहिले. त्यांनी मिक्सर घेतला आणि गेले.

आळेफाट्यावरच्या आमच्या दुकानात टीव्हीच्या भिंतीपाशी मला आता चार वर्षं होतील. "तुमच्या क्षेत्रातले अनुभव लिहा," असं मला या अंकासाठी सांगण्यात आलं. माझं क्षेत्र वीस फूट बाय दहा फूट आहे. आधी मी नाही म्हटलं, कारण मला बोलायला जमत नाही. मग लक्षात आलं की लिहिताना बोलावं लागत नाही.

माझे वडील एका इंग्रजी शाळेची बस चालवायचे, म्हणून मी त्या शाळेत. पुढे अवसरीला इंजिनिअरिंग केलं, इलेक्ट्रॉनिक्स. त्यामुळे झालं असं की घरातलं सगळं मला मराठीत कळायचं आणि तारांमधलं सगळं इंग्रजीत. दुकानात या दोन्ही गोष्टी एकदम लागतात. सुरुवातीला एका काकांनी विचारलं, "ह्यात जास्त काय हाय?" मी म्हटलं, "पीक ब्राइटनेस." काका म्हणाले, "पीक आमचं बी ब्राइट हाय, भाव न्हाई." सगळं दुकान हसलं. मीही हसले असते, पण तोपर्यंत मी फ्रिजच्या मागे गेले होते.

बोलण्याचं काम दत्ताभाऊंकडे होतं. दत्ताभाऊ आमच्या दुकानातले सर्वांत जुने विक्रेते, आणि त्यांच्यासारखं विकणारा माणूस मी पाहिलेला नाही. "क्वांटम डॉट म्हणजे काय, पावणं, तर रंगाला जीवनसत्त्व," ते सांगायचे. "रंग कमी पडला की टीव्ही आपल्या आपण भरतो. तुमच्या मेव्हण्याच्या लग्नाची क्यासेट लावा, मेव्हणा गोरा दिसंल." पाहुणे खूश व्हायचे. मेव्हणेही व्हायचे असतील.

खरी गोष्ट यापेक्षा गमतीची आहे, फक्त ती मला तेव्हा मराठीत सांगता येत नव्हती. आता येते. आपल्याकडे कांद्याची प्रतवारी आकारावरून होते, लहान वेगळा, मध्यम वेगळा, मोठा वेगळा. क्वांटम डॉट हे असेच कण आहेत, पण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसत नाहीत. त्यांच्या मागे निळा दिवा असतो. निळा उजेड पडला की लहान कण हिरवा उजेड परत देतो आणि मोठा कण लाल. एकच पदार्थ, नुसता आकार बदलला की रंग बदलतो. कॉलेजात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या. कण एकसारखे निवडलेले असले की लाल अगदी नितळ निघतो, त्यात पिवळ्याची भेसळ नसते. म्हणून या टीव्हीला टोमॅटो टोमॅटोसारखा दाखवता येतो. दाखवायचं मनात असेल तर.

आणि एचडीआर, म्हणजे काळोखापासून झगझगीत उजेडापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या दाखवणं. ते शिवनेरीवरून सांगता येतं. गडाला सात दरवाजे आहेत. जुना टीव्ही तिसऱ्या दरवाजापर्यंत चढतो, धापा टाकत बसतो आणि म्हणतो, आला गड. त्याच्या वरचं सगळं त्याला सारखंच, नुसतं पांढरं. उन्हातला ढग पांढरा, उन्हातलं धोतर पांढरं, धोतराची घडीही पांढरी. एचडीआरवाला टीव्ही वरपर्यंत चढतो. त्याला धोतर वेगळं दिसतं, घडी वेगळी दिसते, आणि तळाच्या अंधारात सावलीला बसलेला माणूसही दिसतो.

पण दुकानात आम्ही टीव्ही असा लावत नाही. भिंतीवर ट्यूबलाइटचा झगझगाट, शेजारी अठरा टीव्ही, अशात गिऱ्हाइकाची नजर खेचायची तर रंग भडक आणि उजेड फुल्ल लागतो. त्याला शोरूम मोड म्हणतात. त्यात गवत पोपटासारखं आणि माणसं भाजल्यासारखी दिसतात. दुसरा एक मोड असतो, सिनेमाचा. त्यात कॅमेऱ्यानं जे टिपलं ते साधारण तसंच दिसतं. शेजारी शोरूम मोड चालू असला की हा मोड बिचारा आजारी वाटतो. आमच्या शेठची ताकीद होती, "सिनेमा मोडला हात लावायचा नाय. भिंत विझल्यावाणी दिसती."

टीव्ही घरी गेल्यावरच्या गोष्टी वेगळ्या. एकदा शिनोलीच्या एका घरून फोन आला की टीव्ही बिघडला, सगळ्या माणसांना कुंकू दिसतंय. दत्ताभाऊ म्हणाले की हे तुझ्या इंजिनिअरिंगचं काम, चल. भीमाशंकर रस्त्यानं आम्ही पोचलो. टीव्ही चालू होता. बातम्या देणारा दाढीवाला माणूस मधोमध बसला होता आणि त्याच्या कपाळावर हळद आणि कुंकू. मग एक मंत्री आले, त्यांनाही. मग गोलंदाज. नवी वस्तू घरात आली म्हणून आजींनी पूजा केली होती आणि पाची बोटांनी बरोब्बर पडद्याच्या मधोमध हळदीकुंकू लावलं होतं. मी चष्म्याचं फडकं काढलं. आजींनी माझा हात धरला.

"पुसायचं न्हाई बाई. सवाष्णीनं लावल्यालं हाय."

"पण आजी, त्या माणसाला..."

"त्याला काय हुतंय? देवाचंच हाय."

आम्ही चहा पिऊन परत आलो. तेव्हापासून प्रत्येक पेटीवर मी स्वतःच्या अक्षरात एक कागद चिकटवते, 'हळदीकुंकू स्टँडला लावावे.' माझं लिखाण सर्वाधिक वाचलं गेलं असेल तर ते हेच.

पण मला सांगायचंय ते चांद्या नावाच्या बैलाचं.

आमच्या भागात यात्रेला बैलगाडे पळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: चढाची एक लांब धावपट्टी असते, तिला घाट म्हणतात. गाडे एकाच वेळी पळत नाहीत. एकेक गाडा सुटतो आणि घड्याळावर सेकंद मोजतात. अशा एका धावेला बारी म्हणतात. ज्याची बारी सगळ्यांत कमी सेकंदांत, तो घाटाचा राजा. आमच्या लोकांना मुलाचे दहावीचे मार्क आठवत नाहीत, पण कुठल्या गाड्यानं कुठल्या घाटात किती सेकंद घेतले ते पॉइंटसकट आठवतं.

यात्रा होऊन आठवडा झाला असेल. दुपारी दुकानात एक बाई आल्या, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या, आणि त्यांच्या मागे एक म्हातारे गृहस्थ. गृहस्थांनी चपला बाहेर काढल्या. आमच्या दुकानात कुणी चपला काढत नाही.

"ताई, तुमच्याकडं लई मोठा टीव्ही हाय ना?" बाई म्हणाल्या. "आमाला घ्यायचा न्हाई. बगायचाय."

"बघायला थेटर असतंय," दत्ताभाऊ म्हणाले.

"थेटरात आमचा बैल लावतील का?"

या स्वातीताई, आणि ते त्यांचे सासरे किसननाना. त्या वर्षीचा घाटाचा राजा किसननानांचा गाडा होता. पण दुसऱ्या दिवशी तक्रार झाली. तक्रार करणारे गुलाबअण्णा, त्यांचा गाडा अर्ध्या सेकंदानं मागे पडला होता. अण्णांचं म्हणणं असं: टोकनावर, म्हणजे नोंदणीच्या चिठ्ठीवर, नाव चांद्याचं आहे, पण चांद्याचा पाय तर पंधरा दिवसांपूर्वी मुरगळला होता, मग एवढा पळाला कसा? नानांनी दुसऱ्या कुणाचा तरी पांढरा बैल आणून चांद्याच्या नावानं पळवला. हे खरं ठरलं तर किताब जाणार होता आणि नानांच्या गाड्याला पाच वर्षं कुठल्याच घाटात उभं करणार नव्हते.

"चांद्याच्या वशिंडामागं डाग हाय," स्वातीताई सांगत होत्या. "राखेचा हात टेकवल्यावाणी, फिक्का. जवळून दिसतो. मी बारीची शूटिंग केलीय, पण तिच्यात बैल नुसता पांढराफेक दिसतोय. पंच म्हणत्यात, डाग दाखवा न्हाईतर कबूल करा."

नाना पहिल्यांदा बोलले. "माझं काय नाय पोरी. माझी बारी संपत आली. पण बैल पळाला त्याचा त्यो आन् नाव लावायचं दुसऱ्याचं, हे न्हाई बरं."

हे ते माझ्याकडे बघून म्हणाले, दत्ताभाऊंकडे नाही. का ते मला माहीत नाही. बहुधा रिमोट माझ्या हातात होता म्हणून.

दत्ताभाऊंनी व्हिडिओ लावला. पासष्ट इंचांवर घाट उघडला, धुरळा, भंडारा, आरोळ्या, आणि मग बैलांच्या जागी बैलांच्या आकाराच्या ट्यूबलाइट पळत गेल्या.

"बगा," स्वातीताई म्हणाल्या.

त्या दिवसातलं माझं पहिलं वाक्य मी तेव्हा बोलले. "हा व्हॉट्सअॅपवरून आलाय का?"

"व्हय, मीच समद्यांना टाकलाय."

"ज्या फोननं काढला तो फोन कुठाय?"

फोन त्यांच्या पर्समध्येच होता. नवा फोन, आणि त्यात एचडीआर आपोआप चालू असतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. व्हॉट्सअॅप व्हिडिओ पाठवताना त्याला पिळून लहान करतं. पिळताना गडाचे वरचे दरवाजे पहिले जातात. मी मूळ फाईल पेनड्राइव्हवर घेतली आणि टीव्हीला जोडली. बैल थोडा गोल दिसू लागला, पण अजून पांढराच. कारण टीव्ही शोरूम मोडमध्ये होता, आणि शोरूम मोड सगळ्या पांढऱ्याला पावडर मारतो.

शेठ जेवायला घरी गेले होते. मी दाराकडे बघितलं. मग सिनेमा मोड लावला.

"अगं उतरलं की समदं!" दत्ताभाऊ ओरडले. आणि खरंच, भंडाऱ्याचा पिवळा निवला, आकाश फिकं झालं, एक क्षण वाटलं टीव्हीला ताप आला. मग बैल आले. पांढऱ्यात पांढरे दिसायला लागले. पाठीवरची घडी, मानेखाली लोंबणारी कातडीची पोळी, पोटाची सावली, आणि उजव्या बाजूच्या बैलाच्या वशिंडामागे राखेचा हात टेकवल्यासारखा एक फिका डाग, पळत, उसळत, घाट चढत.

स्वातीताईंनी जी किंकाळी फोडली तिनं समोरच्या मेडिकलमधली माणसं बाहेर आली. नाना उठले, टीव्हीपाशी गेले. मी चित्र थांबवलं. त्यांनी डागावर तळहात ठेवला. पडद्याला हात लावू नये, असा कागद मीच चिकटवलेला आहे.

शेठ परत आले तेव्हा नाना दारात थांबले होते. "शेठ, उद्या पंचांना इथं आणू का?" शेठनी हिशेब केला, पंच, दोन्ही गाडामालक, मागून येणारं गाव. "आणा की," ते म्हणाले. "चहा आपला." माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण काम झालं की भिंत पयल्यासारखी करायची."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पंच आले. तिघांत बोलणारे एकच, निवृत्त मुख्याध्यापक, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. त्यांच्या मागे गुलाबअण्णा, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात, दहा माणसं घेऊन. मग नाना, वीस माणसं घेऊन. आणि मग पिकअपमधून खुद्द चांद्या. स्वातीताईंचं म्हणणं होतं की ज्याच्यावर आरोप आहे त्यानं हजर असावं. चांद्या पार्किंगमध्ये उभा राहिला, अंगावर झूल, शिंगांना गोंडे, आणि वॉशिंग मशीनच्या जाहिरातीकडे तोंड करून रवंथ करू लागला. मी मोजलं नाही, पण एवढी माणसं आमच्या दुकानात दिवाळीलाही येत नाहीत. दत्ताभाऊंनी त्या गर्दीत दोन पंखे विकले.

व्हिडिओ लागला. डाग दिसला. नानांच्या बाजूनं शिट्ट्या.

"थांबा," अण्णा म्हणाले. "काल म्हणं ह्या टीव्हीत डाग दिसत नव्हता. मग बटन दाबल्यावर दिसला. खरंय का?"

अण्णांनी माझ्या हातातल्या रिमोटकडे बोट केलं.

"पयलं बटन लावा."

मी शोरूम मोड लावला. डाग गेला.

"आता दुसरं."

डाग आला.

"गुरुजी, बगा! बटनावर डाग येतोय, बटनावर जातोय! आमच्या गोठ्यातल्या म्हशीला बी डाग पाडून देतील ही माणसं. आन् ऐका, ह्याच दत्तानं मला ह्याच जागेवर उभं करून सांगितलं व्हतं, टीव्ही आपल्या आपण रंग भरतो. म्हणला का न्हाई रे दत्ता? जावई गोरा दिसंल म्हणला का न्हाई?"

दत्ताभाऊ पंख्याची किंमत बघू लागले.

"शेठ," गुरुजींनी शांतपणे विचारलं, "भरतो का रंग?"

शेठनी दत्ताभाऊंकडे बघितलं. दत्ताभाऊंनी माझ्याकडे. मी रिमोटकडे. रिमोटला चव्वेचाळीस बटणं आहेत. मी ती सगळी त्या दिवशी मोजली. नाना कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभे होते, पुन्हा अनवाणी, आणि कुणाकडेच बघत नव्हते. काही न बोलणारा माणूस कसा दिसतो ते मी पहिल्यांदा बाहेरून पाहिलं.

"भरतो," मी म्हटलं.

अण्णांची माणसं ओरडली. स्वातीताईंनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी त्यांचं घरच जाळलंय.

"पण पहिल्या बटणाला," मी म्हटलं. आवाज आता निघाला होता तर निघाला होता. "पहिल्या बटणाला टीव्ही सगळं भडक करतो. त्यात पांढरं आणखी पांढरं होतं आणि डाग पुसला जातो. दुसऱ्या बटणाला तो काही करत नाही. फोनमध्ये जे आहे तेच दाखवतो."

"म्हंजे दुकानात तुमी रोज पयलं बटन लावून बसता?" गुरुजींनी विचारलं.

"हो."

"म्हंजे खोटं."

"हो," मी म्हटलं. आणि कुठूनसं वाक्य आलं, "टोमॅटोसकट."

शेठच्या हातातला कप बशीवर वाजला. मला वाटलं, चला, ही नोकरी गेली.

"शब्द झाले," गुरुजी म्हणाले. "पुरावा काय?"

पुराव्याचं मी आदल्या दिवसापासून डोक्यात घोळवत होते. मी सांगितलं, आत्ता, सगळ्यांसमोर, उन्हात चांद्याचा नवा व्हिडिओ काढू, त्याच फोननं. शेजारी एखादी स्वच्छ पांढरी गोष्ट उभी करू, जिच्यावर डाग नाही अशी सगळ्यांची खात्री आहे. दुसऱ्या बटणावर दोन्ही बघू. टीव्ही डाग पाडत असेल तर तिच्यावरही पाडेल.

"पांढरं काय घ्यायचं?" गुरुजींनी इकडेतिकडे बघितलं. फ्रिज म्हणावा तर त्याच्यावर स्टिकर. एका पंचांची टोपी होती, पण तिची त्यांनाच खात्री नव्हती. बघता बघता सगळ्या नजरा एका जागी जमल्या.

अण्णांनी छाती पुढे काढली. "घ्या की. आज सकाळी इस्त्री केलाय. ह्याच्यावर खराखुरा डाग दाखवा न् मी तक्रार माघारी घेतो. हाय कबूल?"

"कबूल," गुरुजी म्हणाले.

तर अण्णा पार्किंगमध्ये चांद्याशेजारी उभे राहिले, लग्नाच्या फोटोला राहतात तसे. चांद्यानं त्यांचा वास घेतला. झूल काढली, मी स्वातीताईंचा फोन धरला, आधी बैल, मग सदरा, बरीच सेकंदं. ऊन इतकं होतं की दोन्ही नुसते पेटल्यासारखे दिसत होते, डोळ्यांना काही कळत नव्हतं. आत येऊन मी फाईल लावली.

चांद्या आला. वशिंडामागे डाग, जागेवर, घाटातल्या डागासारखाच, तसाच एक बाजूला ओघळलेला. नानांची माणसं पुढे सरकली.

मग सदरा आला. पासष्ट इंच भरून सदरा. बगळ्यासारखा पांढरा, शिवणीचा दोरा दिसतोय, बटणाची भोकं दिसताहेत. कॅमेरा हळूहळू खाली उतरला, आणि खिशाच्या खाली, बोटभर लांबीचा, फिकट पिवळसर, कडेनं जरा गडद असा एक ओघळ.

"बगा!" अण्णा उडी मारून ओरडले. "बगा! म्हणलं नव्हतं? माझ्या कोऱ्या सदऱ्याला डाग पाडला! गुरुजी, टीव्ही डाग पाडतोय!"

गुरुजींनी अण्णांच्या सदऱ्याकडे पाहिलं. दुकानाच्या उजेडात, चार पावलांवरून, तो निष्कलंक होता. नाना खाली बघत होते.

पुढे काय ठरलं ते इथेच सांगून टाकते. किताब नानांकडे राहिला. चांद्याची मिरवणूक आळेफाट्याच्या चौकातूनच निघाली आणि ट्रॅफिक अर्धा तास तुंबलं. महिन्याभरानं गुलाबअण्णा स्वतः येऊन पासष्ट इंची घेऊन गेले आणि पेटी फोडायच्या आधी त्यांनी मला विचारलं, "दुसरं बटन चालू करून दिलंय ना?" शेठनी मला काढलं नाही. भिंतीवर आता एक टीव्ही कायम सिनेमा मोडवर असतो, बाकीचे अठरा अजून पावडर लावून बसलेले आहेत. त्या टोमॅटोवाल्या बाई मात्र पुन्हा आल्या नाहीत. "तुमचं बरोबर आहे," एवढं त्यांना सांगायचं राहून गेलं, त्याची चुटपुट आहे.

पण त्या क्षणी यातलं काहीच घडलेलं नव्हतं. अण्णा ओरडत होते, त्यांची माणसं टाळ्या पिटत होती, गुरुजी चष्मा पुसत होते, आणि शूटिंग संपवून सावलीत येताना अण्णांच्या सर्वांत जवळ मी होते, तेव्हा खिशाखालचा तो ओघळ मला नुसत्या डोळ्यांनी दिसला होता. यात्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे घरोघरी काय शिजतं हे मला माहीत होतं. हळद कुठल्याही साबणाला दाद देत नाही हेही माहीत होतं. मी रिमोट खाली ठेवला, अण्णांसमोर जाऊन उभी राहिले आणि भिंतीवरच्या एकोणीस टीव्हींपेक्षा मोठ्या आवाजात म्हटलं,

"अण्णा, डाग टीव्हीनं नाही पाडला. मटणाचा रस्सा आहे तो. सदरा डोळ्यांजवळ धरून खिशाखाली बघा!"